दिवा बदलण्याआधी प्रकाश मोजला: ठाण्यातल्या एका खाऱ्या पाण्याच्या टँकचं प्रकरण

टँक चार फुटी. लांबी 120 सेंटीमीटर, रुंदी 60, उंची 60. तळाशी पाच सेंटीमीटर वाळू, त्यावर साधारण 50 सेंटीमीटर पाणी. खाली कॅबिनेटमध्ये सम्प (फिल्टरची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप. ठाण्यातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारच्या भिंतीला लावलेला. मालक बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, घरात पत्नी, शाळकरी मुलगी आणि आई. टँक सुरू होऊन वर्ष होत आलं होतं आणि पाणी स्थिर होतं. मासे मोजके: क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एक टँग. प्रवाळांमध्ये लेदर कोरल, मशरूम (चकतीसारखे मऊ प्रवाळ), झोआच्या (देठावर फुलासारख्या उमलणाऱ्या छोट्या प्राण्यांच्या) दोन-तीन वसाहती, आणि शिवाय एक बबल टिप अॅनिमोन.

तक्रार अशी होती की झोआ लांबत चालल्या होत्या. उजव्या कोपऱ्यातल्या कपारीवरच्या वसाहतीचे देठ उंच झाले होते, तोंडं दिव्याकडे वळली होती आणि रंग तपकिरी पडला होता. दुकानदाराने सांगितलं, प्रकाश कमी पडतोय. गृहस्थांनी मोबाइलवर लक्स मोजायचं अॅप घेतलं, काचेला फोन लावून आकडा पाहिला, तोही कमीच आला. मग खूप महागड्या परदेशी दिव्याचं कोटेशन मागवलं. पैसे भरायच्या आधी एकदा बघून जा, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी आधी झोआकडे पाहिलंच नाही. मधल्या दगडाच्या माथ्यावरचे मशरूम आक्रसून बटणाएवढे झाले होते आणि त्यांचा निळा रंग उडून फिकट राखाडी झाला होता. लेदर कोरलच्या टोपीवर मेणचट पापुद्रा होता आणि त्याचे पॉलिप, म्हणजे बारीक फुलांसारखी तोंडं, बाहेर येत नव्हते. अॅनिमोन दगडाच्या माथ्यावर ठेवलेला होता, तो तिथून निघून खालच्या आडोशाला, जवळजवळ सावलीत जाऊन बसला होता. म्हणजे त्याच टँकमध्ये एक प्राणी उजेडासाठी मान ताणत होता आणि तीन प्राणी उजेडापासून पळत होते. प्रकाश नुसता कमी असता तर असं झालं नसतं. हा वाटपाचा प्रश्न होता.

पाणी तरीही तपासलं, कारण ही सगळी लक्षणं दुसऱ्या कारणांनीही दिसतात. लेदर कोरल मधूनमधून कात टाकतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर गेलं तर मशरूम आणि झोआ दोन्ही फिके पडतात. इथे खारटपणा दाखवणारं विशिष्ट गुरुत्व 1.025, तापमान 26 च्या आसपास, नायट्रेट 10 पीपीएमच्या आत पण शून्य नाही, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) साडेआठ डीकेएच. तक्रार करावी असं काही नव्हतं. मग दिव्याकडे वळलो.

दिवा काय होता, कुठे होता

वर एकच एलईडी पेटी. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळते तसली, लेबलवर 165 वॅट, निळी आणि पांढरी अशी दोन चॅनेल, प्रत्येक एलईडीवर 90 अंशांचं भिंग. टँकच्या बरोबर मध्यावर, पाण्यापासून 15 सेंटीमीटरवर, काचेच्या कडांवर बसवलेल्या स्टँडवर. दोन्ही चॅनेल शंभर टक्क्यांवर, टायमरने सकाळी दहाला चालू, रात्री आठला बंद. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण, कारण फायरफिश उडी मारतो. त्या झाकणावर मिठाचा पांढरा थर.

मोबाइलच्या अॅपने इथे दिशाभूल केली होती, आणि हे अनेकांच्या बाबतीत होतं. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेलं आहे. आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो. 450 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या मापात जेमतेम 4 टक्के किंमत मिळते. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचं गणित उलटं आहे. त्याच्याकडचं क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी 2 आणि पेरिडिनिन हे मुख्यतः निळ्या पट्ट्यात काम करतात. म्हणजे ज्या प्रकाशावर हा प्राणी जगतो, तोच लक्समध्ये जवळपास मोजला जात नाही. निळ्याधम्मक टँकमध्ये लक्सचा आकडा कमी येणारच.

त्यासाठी पीएआर मोजावा लागतो: 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती फोटॉन एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, मायक्रोमोलमध्ये (मोल हे फोटॉन मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग). मी अपोजीचं एमक्यू-510 वापरतो. ते पाण्याखालच्या मोजणीसाठीची दुरुस्ती स्वतःच करतं. त्याच कंपनीच्या जुन्या एमक्यू-200 मध्ये गडद निळा प्रकाश कमी मोजला जातो, त्यामुळे जुनं यंत्र कुणाकडून मागून आणलं तर हे लक्षात ठेवावं. मीटर महाग आहे आणि वर्षातून एक-दोनदाच लागतो. तो विकत घेण्यापेक्षा चार-पाच टँकवाल्यांनी मिळून घ्यावा किंवा कुणाकडून भाड्याने आणावा.

मोजलं. मधल्या दगडाचा माथा पाण्याखाली 15 सेंटीमीटरवर आहे, तिथे 430. दिव्याच्या थेट खाली वाळूवर 170. झोआच्या कपारीवर 30. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत वाळूवर 20 ते 25. गृहस्थ शेजारी उभे राहून आकडे लिहून घेत होते. 430 आणि 30 एकाखाली एक आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे दिवा कमी नाहीच." कमी नव्हताच. उलट मधोमध तो आवश्यकतेच्या दुपटी-तिपटीने जास्त होता.

याचं कारण साध्या भूमितीत आहे. 90 अंशांचं भिंग म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 45-45 अंश. 15 सेंटीमीटर उंचीवरून पाण्याच्या पृष्ठभागावर पडणारं वर्तुळ 30 सेंटीमीटर व्यासाचं होतं. पाण्यात शिरताना कडेचा किरण वाकून 32 अंशांवर येतो, म्हणजे पसारा आणखी आवळला जातो. दगडाच्या माथ्यापाशी वर्तुळ जेमतेम 48 सेंटीमीटर, आणि तळाशी पोहोचेपर्यंत साधारण 92. टँक 120 चा आहे. दोन्ही टोकं या वर्तुळाच्या बाहेरच राहतात. तिथे पोहोचतो तो काचेवरून परावर्तित झालेला आणि भिंगातून सांडलेला उजेड. आता इथे कितीही महागडा दिवा आणून मध्यभागी 15 सेंटीमीटरवर बसवला असता तरी 430 चे 600 झाले असते आणि 30 चे 40. झोआ तशाच लांबत राहिल्या असत्या, आणि मशरूम मेले असते.

आधी प्राणी ठरवायचे, मग दिवा

गृहस्थांच्या डोक्यात 300 हा आकडा बसला होता. इंटरनेटवर सगळीकडे 250 ते 350 पीएआर लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण ते आकडे अमेरिका-युरोपातल्या टँकचे आहेत, जिथे लोक अॅक्रोपोरासारखे फांद्या फुटणारे कठीण प्रवाळ ठेवतात. आपल्याकडे ते ठेवायचेच नाहीत. भारतात 2001 पासून सगळे कठीण, खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनही. 2022 ची दुरुस्ती झाली तरी कठीण प्रवाळांचं संरक्षण तसंच आहे. वाघाला जी अनुसूची लागू, तीच यांना. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ 2020 मध्ये परवानग्या घेऊन दुसरीकडे न्यावे लागले ते याच कायद्यामुळे. दुकानात कुणी पिशवीत घालून हातात दिलं, म्हणून ते कायदेशीर होत नाही. समुद्री घोडे आणि ट्रिडाक्ना मॅक्सिमा, स्क्वामोसा हे मोठे शिंपलेही याच यादीत आहेत.

मला हा मुद्दा कायद्याच्या भीतीपोटी मांडायचा नाही. आपल्या अरबी समुद्रात प्रवाळ आहेत हेच पुष्कळांना माहीत नसतं. मालवणला आहेत, आणि विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर, म्हणजे समुद्रात बुडालेल्या उंचवट्यावर आहेत. त्या बँकेचा माथा पाण्याखाली 20 मीटरवर आहे. तिथे कुणाला फांदी तोडून आणायला प्रोत्साहन मिळेल असा टँक मी उभा करून देणार नाही.

मग या टँकमध्ये राहतं काय? लेदर, मशरूम, झोआ आणि अॅनिमोन. हे प्राणी घेतानाही ते कुठून आले याचे कागद विचारावेत. टँकमध्येच वाढवून वाटलेले तुकडे मिळाले तर सर्वांत उत्तम. यांची भूक बेताची असते. मशरूम 30 ते 75 पीएआरमध्ये खूष असतात. झोआ 75 ते 150 मध्ये घट्ट आणि रंगीत राहतात. लेदरला 100 ते 200 चालतं. बबल टिप अॅनिमोनला 100 ते 250. म्हणजे उद्दिष्ट असं ठरलं: दगडाच्या माथ्यावर 150 ते 170, मधल्या उंचीवर शंभरच्या आसपास, वाळूवर 50 ते 80, आणि कुठलाही कोपरा 40 च्या खाली नाही. हे कागदावर लिहिल्यावर त्या महागड्या दिव्याचं कोटेशन आपोआप बाजूला पडलं.

पर्याय तीन होते. टी 5 ट्यूब समान उजेड देण्यात आजही सरस आहेत, पण वर्षभरात बदलाव्या लागतात, आणि मरीनसाठीच्या निळ्या ट्यूब इथे नियमित मिळतील याची खात्री नाही. लांब एलईडी पट्ट्या चांगला पसारा देतात. नवा टँक असता तर मी कदाचित त्याच सुचवल्या असत्या. तिसरा पर्याय म्हणजे असलेलीच पेटी ठेवायची, तशीच दुसरी घ्यायची आणि दोन्ही कमी ताकदीवर चालवायच्या. तोच निवडला. दोन पेट्या एकाच बनावटीच्या असल्या की दोन्ही अर्ध्या भागांचा रंग सारखा दिसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जोडल्या की अर्धा टँक जांभळा आणि अर्धा निळा, आणि ते रोज डोळ्यात खुपतं. शिवाय निम्म्या ताकदीवर चालणारी एलईडी कमी तापते आणि जास्त टिकते.

टांगणं

टँकची लांबी मनात दोन भागांत वाटली, प्रत्येकी 60 सेंटीमीटर. पहिला दिवा डाव्या टोकापासून 30 वर, दुसरा 90 वर. उंची पाण्यापासून 25 सेंटीमीटर. त्या उंचीवरून प्रत्येकाचं वर्तुळ पृष्ठभागावर 50 सेंटीमीटर होतं, दगडाच्या माथ्याच्या पातळीवर 68. म्हणजे मध्ये दोन्ही वर्तुळं एकमेकांवर येतात आणि टोकं उघडी पडत नाहीत. दिवा वर नेल्याने ताकद "वाया जाते" असं लोक म्हणतात. मधला आकडा घटतो हे खरं, पण तो घटवणं हेच इथे काम होतं.

रुंदीच्या दिशेने दिवे बरोबर मध्यावर ठेवले नाहीत. पुढच्या काचेकडे चार-पाच सेंटीमीटर सरकवले. आपण टँक पुढून बघतो; दिवा मध्यावर किंवा मागे असला की प्रवाळाची आपल्याकडची बाजूच सावलीत राहते. पण दिवा पुढे आणि वर गेला की सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यावर झगमगाट येतो. गृहस्थांच्या आईंची संध्याकाळची जागा नेमकी समोरची. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला पोथी वाचता येत नाही त्या निळ्या उजेडात." त्यावर पेट्यांना पुढच्या बाजूने काळ्या अॅक्रिलिकची सहा सेंटीमीटरची पट्टी लावली. आजींना बसल्या जागेवरून एलईडी दिसेनाशी झाली आणि टँकमधल्या आकड्यात फरक पडला नाही.

टांगायचं कुठून हा आपल्या घरांतला खरा पेच. वर पीओपीचं फॉल्स सिलिंग होतं. त्यात हुक मारून वजन लावणं म्हणजे एक दिवस दिवा पाण्यात. सिलिंगला भोक पाडून वरच्या स्लॅबमध्ये अँकर फास्टनर बसवले, त्यातून स्टीलच्या तारा खाली सोडल्या, आणि तारांना उंची कमी-जास्त करायचे क्लिप लावले. भाड्याचं घर असेल, स्लॅबला हात लावता येत नसेल, तर अॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची कमान कॅबिनेटला मागून बोल्टने बांधावी. साधं लोखंड वापरू नये. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत, त्यात मिठाचे तुषार, रंग दिलेलं लोखंडही लवकर गंजतं आणि तो गंज पाण्यात पडतो.

वायरी आधी खाली झोळ देऊन मग बोर्डाकडे नेल्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटपर्यंत जात नाही. टँकच्या बोर्डाला 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नव्हता. तो इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतल्याशिवाय मी पुढचं काम करत नाही. खाऱ्या पाण्यात हात घालणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि या घरात मुलगीही हात घालते.

काचेचं झाकण काढलं, जागी बारीक जाळीची चौकट बसवली. फायरफिश सुरक्षित राहिला, उजेड थोडा वाढला, आणि बाष्पीभवन वाढल्यामुळे पाणी किंचित थंडही झालं. रोज घालायचं आरओचं पाणी मात्र वाढलं. एप्रिल-मेमध्ये चिलर कमी वेळ चालला तर ते परवडतंच.

उजवीकडे पश्चिमेची खिडकी आहे. संध्याकाळी चार ते सहा थेट ऊन उजव्या काचेवर येत होतं, आणि त्या काचेवर शेवाळाचा थर बाकीच्या काचांपेक्षा दाट होता. कुणाला वाटेल, झोआ त्याच बाजूला आहेत, त्यांना फुकटचं ऊन मिळू दे. पण ते ऊन कपारीपर्यंत पोहोचत नव्हतं, काचेवरच संपत होतं, ऋतूप्रमाणे बदलत होतं आणि उन्हाळ्यात पाणी तापवत होतं. खिडकीला जाड पडदा लावला आणि टँकच्या त्या काचेला बाहेरून काळी फिल्म.

वेळ आणि ताकद

पूर्वी दहा तास सलग 430 म्हणजे दगडाच्या माथ्यावर दिवसाला साडेपंधरा मोल फोटॉन. त्याच दिवसात झोआंना एक मोल. नवीन वेळापत्रक असं: दुपारी साडेबाराला सुरुवात, दोनपर्यंत हळूहळू चढ, दोन ते आठ पूर्ण, साडेनऊपर्यंत उतार. उतारात पांढरं चॅनेल आधी मावळतं. निळं 40 टक्के, पांढरं 12. निळा जास्त ठेवायचा तो नुसता शोभेसाठी नाही. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं आणि खोल जावं तसा निळाच उरतो. या प्राण्यांची घडण त्यातली आहे. पांढरा थोडा ठेवला तो माशांचे रंग खरे दिसावेत म्हणून. या हिशोबाने लेदरला दिवसाला सव्वाचार मोलच्या आसपास मिळतात, कपारीवर 110 धरले तर तीन मोल. सकाळी घरात कुणी नसताना टँक उजळायचा आणि सगळे घरी आल्यावर आठला विझायचा, ही जुनी गैरसोयही गेली.

पण पहिल्या दिवशी 40 टक्के लावले नाहीत. महिनोन्महिने 30 मध्ये राहिलेल्या झोआवर एकदम 110 आले तर तिच्या पेशींतलं शैवाल तो भार पेलू शकत नाही आणि ती रंग टाकते. प्रकाश कमी पडल्यावर प्राणी हळूहळू खंगतो. अचानक वाढला तर काही दिवसांत जळतो. म्हणून 25 टक्क्यांपासून सुरुवात केली आणि आठवड्याला पाच टक्के. मशरूम माथ्यावरून काढून डाव्या बाजूला वाळूवरच्या छोट्या दगडांवर ठेवले. लेदर जागचा हलवला नाही. त्याच्या जागेवरचा प्रकाशच खाली आला होता. अॅनिमोनला हात लावायचा नाही असं बजावलं. तो स्वतः जागा शोधतो. तेवढ्या काळापुरतं वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाला) स्पंजचं आवरण घातलं, कारण फिरता अॅनिमोन पंपात ओढला गेला तर अख्खा टँक नासतो.

40 टक्क्यांवर आल्यावर पुन्हा मोजलं. माथ्यावर 160, कपारीवर 105, मधल्या वाळूवर 75, पुढच्या कोपऱ्यांत 45 ते 50. डावा मागचा कोपरा ओव्हरफ्लोच्या (पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या) डब्यामुळे 35 वरच राहिला. दिवे आणखी वर नेऊन तो भरून काढता आला असता, पण मग आजींच्या डोळ्यावर उजेड आला असता. तिथे काही ठेवायचं नाही असं ठरवलं.

लेदर सर्वांत आधी उघडला. मशरूमनी फुलायला महिना-दीड महिना घेतला. निळा रंग माथ्यापासून नव्हे, कडेकडून परतला. अॅनिमोन सावलीतून निघून मधल्या दगडाच्या अर्ध्या उंचीवर स्थिरावला, मोजलं तर तिथे 120 होते. झोआंचे जुने लांबलेले देठ आखूड झाले नाहीत, होतही नाहीत. त्यांच्या बुंध्याशी फुटलेली नवी पिलं मात्र बुटकी, घट्ट आणि हिरव्या कडेची आली. काचांवर शेवाळ मधल्या आठवड्यांत वाढलं, पण ते उजेड नव्या जागी पोहोचल्यामुळे. त्या काळात मी दिव्याचे तास कमी करू दिले नाहीत. खाणं थोडं कमी केलं आणि काच जास्त वेळा पुसली.

गृहस्थांचा एक प्रश्न राहिला होता: वीज गेली तर दिवे इन्व्हर्टरवर घ्यायचे का? नाही. दिवसभर अंधार राहिला तरी यातल्या कुणाला काही होत नाही, ढगाळ दिवस समुद्रावरही येतात. वेव्हमेकर बंद पडला तर मात्र काही तासांत ऑक्सिजन घटायला लागतो. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आणि एअरपंप घेतले, दिवे बाहेर ठेवले.

आता दर पंधरवड्याला पेट्यांच्या खालच्या काचा आरओच्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसायच्या, पंख्यांच्या पात्यांवरचं मीठ झाडायचं, आणि वर्षाने त्याच पाच जागांवर पुन्हा पीएआर मोजायचा. त्या जागा बाहेरच्या काचेवर, कॅबिनेटच्या कडेला बारीक टिकल्या लावून ठेवल्या आहेत.